मांजरीचे अंग थरथरते आहे. डॉक्टरांकडे केव्हा न्यावे?

प्रश्न: आमची मनी झोपेत मिशा आणि पंजे हलवते, त्याची आम्हाला सवय आहे, मात्र आज दुपारपासून ती जागी असतानाही तिचे कान आणि पाठीची कातडी सारखी थरथरते आहे. कुत्र्यासाठी आणलेल्या गोचिडांच्या औषधाचे दोन थेंब सकाळी तिच्याही मानेवर टाकले होते. उद्यापर्यंत वाट पाहावी का?

उत्तर १: अजिबात नाही. कुत्र्यांच्या अशा काही औषधांत परमेथ्रिन नावाचे कीटकनाशक असते, आणि मांजरीच्या यकृताला त्याचा निचरा नीट करता येत नसल्यामुळे थरथर वाढत जाऊन झटके येऊ शकतात. आधी डॉक्टरांना फोन करा. त्यांनी सांगितल्यास कोमट पाणी आणि भांड्यांच्या सौम्य लिक्विड साबणाने मान धुवा, टॉवेलने कोरडी करा, तिला ऊबेत ठेवा आणि औषधाचे वेष्टन घेऊन निघा.

उत्तर २: झटके सुरू झाले असतील तर धुण्यात वेळ घालवू नका आणि तिच्या तोंडात काहीही घालू नका. झोपेतली हालचाल जाग येताच थांबते. ही थांबत नाही, हाच फरक आहे. शक्य असल्यास अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत थरथर कधीकधी दिसेनाशी होते.

प्रश्नकर्ती: वेष्टनावर बारीक अक्षरांत परमेथ्रिनच लिहिले आहे. डॉक्टरांशी बोलणे झाले, रिक्षा दाराशी आली आहे.