डेरिक रोझ २०१३ साली बाकावर बसून राहिला, ते बरोबरच केलं

आडवा_पास

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या शिकागो बुल्सनी डेरिक रोझची १ नंबरची जर्सी निवृत्त करायचं, म्हणजे तो नंबर पुन्हा कोणाला द्यायचा नाही असं ठरवल्यापासून आमच्या ग्रुपवर जी हाणामारी चालू आहे, ती वाचून हा धागा काढतोय. जॉर्डन, पिपेन, जेरी स्लोन, बॉब लव्ह. त्याआधी बुल्सनी हा मान या चौघांनाच दिला होता. 'यांच्या पंगतीत हा कशाला?' म्हणणारे सगळे फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात: २०१२-१३चा मोसम. डॉक्टरांनी मार्चमध्येच परवानगी दिली होती, तरी पठ्ठ्या सूट घालून बाकावर बसला.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रोझ शिकागोच्याच एंगलवूडचा, सिमियन शाळेत शिकलेला. २००८च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू संघांत वाटण्याच्या निवडीत, पहिली निवड मिळायची बुल्सची शक्यता फक्त १.७ टक्के होती. ती मिळाली आणि घरचा पोरगा घरच्या संघात आला. २०११ मध्ये संघानं ६२ सामने जिंकले आणि रोझ २२व्या वर्षी एमव्हीपी, म्हणजे लीगमधला मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू झाला. इतक्या लहान वयात हा किताब ना त्याच्याआधी कोणाला मिळाला, ना नंतर. त्याच डिसेंबरात ५ वर्षांचा, ९ कोटी डॉलरच्या वरचा करार झाला.

पुढचा मोसम लॉकआउटमुळे (संघमालक आणि खेळाडूंच्या वादात लीग बंद होती) ६६ सामन्यांचा, तेही एकमेकांच्या बोकांडी बसवलेले. पायाचं बोट, पाठ, जांघ, घोटा, काही ना काही दुखत राहिलं आणि रोझ २७ सामने बाहेर होता. मग २८ एप्रिल २०१२, फिलाडेल्फियाविरुद्ध प्लेऑफचा (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांचा) पहिलाच सामना. सव्वा-दीड मिनिट उरलेलं, बुल्स १२ गुणांनी पुढे, रोझच्या नावावर २३ गुण, ९ रिबाउंड, ९ असिस्ट. तो आत घुसला, दोन पायांवर थांबला आणि उडी घेतानाच डावा गुडघा गेला. हवेतूनच कसाबसा पास दिला आणि बेसलाइनजवळ कोसळला. एसीएल, गुडघा स्थिर ठेवणारा लिगामेंट. पहिल्या मानांकनाचे बुल्स आठव्या मानांकनाच्या संघाकडून ४-२ हरले.

सामना हातात असताना एमव्हीपी कोर्टवर का होता, हे कोच टॉम थिबोडोला चार दिवस विचारलं गेलं. रोझला मात्र 'कधी खेळणार' हे वर्षभर. त्याचा सगळा खेळ त्या पायावर उभा होता हो. पूर्ण वेगात येऊन हवेत दिशा बदलायची, हे त्याचं हत्यार. लिगामेंट जुळला म्हणून ते हत्यार परत आलं का, हे डॉक्टर कसं सांगणार? आणि समजा आला असता, तर पुढे कोण होतं? त्या मोसमात सलग २७ सामने जिंकलेलं मायामी. त्यासाठी २४ वर्षांच्या मुलानं गुडघा पणाला लावायचा?

खडूस_रेफ्री

लिहिलंय छान, पण सोयीचं तेवढंच.

त्याच दिवशी, म्हणजे २८ एप्रिल २०१२लाच, न्यूयॉर्कच्या इमान शम्पर्टचाही एसीएल गेला. तो जानेवारी २०१३ मध्ये लंडनच्या सामन्यात खेळला. अमेरिकन फुटबॉलमधल्या एड्रियन पीटरसनचा गुडघा डिसेंबर २०११ मध्ये गेला, पुढच्याच मोसमात तो २,०९७ यार्ड धावला आणि एमव्हीपी झाला. तेव्हा 'शक्यच नव्हतं' हे राहू द्या.

आता बाकीचे बुल्स काय करत होते ते बघू. योकिम नोआच्या टाचेत प्लांटर फॅशिआयटिस, म्हणजे तळव्याच्या पट्ट्याचं दुखणं. ज्याला झालंय त्याला सकाळचं पहिलं पाऊल विचारा. त्या पायावर तो २०१३च्या प्लेऑफच्या पहिल्या फेरीत ब्रुकलिनविरुद्ध सातवा सामना खेळला: २४ गुण, १४ रिबाउंड, ६ ब्लॉक. तोही परक्या मैदानात. नेट रॉबिन्सन सहाव्या सामन्यात बाजूला जाऊन ओकत होता आणि परत येऊन खेळत होता. लुओल डेंगच्या मणक्यातून पाणी काढलं, त्यातून गुंतागुंत होऊन त्याला उभं राहता येईना. किर्क हाइनरिकची पोटरी गेलेली. जिमी बटलर ४८ मिनिटं, म्हणजे एकही क्षण न बसता, ओळीनं सामने खेळला.

आणि यात परवानगी मिळालेला, पगारानं सगळ्यात मोठा गडी कुठे? बाकावर. सूट मात्र झकास होता.

टवाळ_पाहुणा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. खडूसकाका रंगात आले की धागा शंभरी गाठतो.

नेपरव्हिलकर

मी शिकागोजवळ राहतो आणि तेव्हाही राहत होतो, म्हणून थोडं लिहितो.

आमचा राग तो न खेळल्याचा नव्हता. निदान माझा तरी नव्हता. २०१३च्या मार्चमध्ये मुलाला घेऊन युनायटेड सेंटरला गेलो होतो. सामन्याआधी तासभर दार उघडतात, तेव्हा मुद्दाम लवकर जाऊन खाली रेलिंगपाशी उभे राहिलो. रोझ सरावाला आला. कोपऱ्यातून तीन गुणांचे शॉट, मग लेअप, मग डंक. डंक मारला तेव्हा जेमतेम भरलेल्या स्टँडमधूनही असा आवाज उठला की मुलगा माझा हात ओढत म्हणाला, "बाबा, आज खेळणार!" नंतर खेळाडूंची नावं पुकारताना बघतो तर हा कोट-टाय लावून बाकाच्या टोकाला.

हे आठवड्यामागून आठवडे चाललं. 'या मोसमात येणार नाही' असं एकदा सांगून टाकलं असतं, तर गाव शांत बसलं असतं. पण रोज दार किलकिलं. 'तयार वाटलं की येईन.' त्यावर आदिदासनं पुनरागमनाची जाहिरातमालिकाच काढलेली. शहरभर 'येतोय, येतोय' असं वातावरण, आणि येत कोणीच नाही. भर म्हणून भाऊ रेजी फेब्रुवारीत पेपरवाल्यांना सांगून मोकळा झाला की बुल्सनी संघ मजबूत करायला काहीच केलं नाही. म्हणजे डेरिक गुडघ्यासाठी थांबलाय की संघासाठी, हेही कळेना.

आडवा_पास, तुम्ही गुडघ्याची बाजू मांडताय. ती मला मान्य आहे. पण आम्हाला झुलवत ठेवलं, त्याचं काय?

आडवा_पास

@नेपरव्हिलकर, झुलवत कोणी ठेवलं, हा प्रश्न आहे. 'येणार नाही' असं जाहीर करायचं काम संघाचंही होतं. त्यांनीही केलं नाही, कारण 'कदाचित आज' या आशेवर तिकिटं खपतात. जाहिरात बूट कंपनीची. भाऊ बोलला ते भावाचं. सगळ्याचं बिल मात्र एकाच्या नावावर.

@खडूस_रेफ्री, नोआचं कौतुक मलाही आहे. पण तो पुढे किती वर्षं नोआ राहिला? २०१४ला तो एमव्हीपीच्या मतदानात चौथा होता, आणि त्यानंतर शरीरानं साथ सोडली ती सोडलीच. डेंग त्या काळात लीगमध्ये सर्वाधिक मिनिटं खेळणाऱ्यांत पहिला असायचा. थिबोडोच्या चरकात ऊस घालावा तसे खेळाडू घालायचे आणि चिपाड झालं की टाळ्या वाजवायच्या, याला शौर्य म्हणायचं असेल तर म्हणा.

सांधेजोड

मी फिजिओथेरपिस्ट आहे. बास्केटबॉल फारसं बघत नाही, गुडघे मात्र रोज बघते.

एसीएलच्या शस्त्रक्रियेत तुटलेला लिगामेंट बहुतेक वेळा शिवत नाहीत. दुसरीकडचा टेंडन घेऊन त्या जागी नवा बसवतात. शरीर हा ग्राफ्ट लगेच आपला म्हणत नाही. सुरुवातीला तो उलट कमकुवत होतो, मग त्यात नव्या रक्तवाहिन्या येतात, तंतू नव्यानं विणले जातात. हे काम वर्षभर आणि त्याहूनही पुढे चालू राहतं. पेशंटला मात्र चौथ्या-पाचव्या महिन्यात 'काहीच दुखत नाही' असं वाटायला लागतं, आणि आमची खरी डोकेदुखी तिथून सुरू होते.

'परवानगी मिळाली' म्हणजे काय, हेही समजून घ्या. गुडघा घट्ट आहे, सूज नाही, मांडीचा स्नायू दुसऱ्या पायाच्या जवळपास ताकद लावतो, एका पायावरच्या उड्यांचं अंतर दोन्हीकडे सारखं येतं. यात पास झालात की खेळण्याचा विचार करायला हरकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्या पायावर उतरताना मन कचरतं का, हा वेगळा प्रश्न आहे. कचरणारा खेळाडू नकळत दुसऱ्या पायावर भार टाकतो. लोक याला घाबरटपणा म्हणतात. आम्ही त्याला अजून तयार नसणं म्हणतो.

शम्पर्ट आणि पीटरसन यांची उदाहरणं नेहमी दिली जातात. ती लवकर परतणाऱ्यांची आहेत म्हणूनच लक्षात राहिली.

खडूस_रेफ्री

डॉक्टरीणबाई, माहितीबद्दल आभार. मग पुढचंही सांगा. दीड वर्ष थांबून हा ऑक्टोबर २०१३ला आला, १० सामने खेळला, आणि २२ नोव्हेंबरला पोर्टलंडमध्ये कोणी धक्काही न लावता उजव्या गुडघ्याचा मेनिस्कस, म्हणजे सांध्यातली गादी, फाटला. पुन्हा मोसम संपला. थांबून काय मिळवलं?

आणि वर नोव्हेंबर २०१४ मधलं त्याचं बोलणं. मला पुढे मीटिंगा असतील, मुलाच्या पदवीदानाला जायचं असेल, तेव्हा अंग दुखत असायला नको, म्हणून जपून खेळतो, अशा अर्थाचं. त्या वर्षी पगार १ कोटी ८० लाख डॉलरच्या वर. माजी खेळाडू चार्ल्स बार्कलीपासून सगळ्यांनी झोडपलं, आणि योग्यच झोडपलं. तिकीट काढून येणाऱ्याला तरी सोमवारी कामावर जाताना अंग दुखतंय म्हणून सुट्टी मिळते का?

सांधेजोड

उजवा गुडघा आणि डावा गुडघा, दोन वेगळे अवयव आहेत. उजव्याचा मेनिस्कस फाटला यावरून 'डाव्यासाठी थांबणं फुकट गेलं' हे सिद्ध होत नाही. 'थांबला नसता तर आणखी वाईट झालं असतं' हेही होत नाही. दोन्ही बाजूंनी ते उदाहरण वापरू नका.

एक मात्र बघा. २०१३ मध्ये त्यानं मेनिस्कस शिवून घेतला, त्यात सगळा मोसम गेला. फेब्रुवारी २०१५ मध्ये तोच पुन्हा फाटला तेव्हा खराब भाग काढून टाकला आणि दीड महिन्यात कोर्टवर आला. हा जवळचा रस्ता, पण ती गादी परत उगवत नाही. पुढे सांध्याची झीज लवकर होते. म्हणजे तुम्हाला हवा होता तसा 'लवकर परत येणारा' रोझ तुम्हाला मिळाला होता.

नागपाडा_कोर्ट

तुम्ही सगळे गुडघ्यात अडकलात. मूळ एमव्हीपीच फुगवलेली होती, त्याचं बोला.

२०११ मध्ये ड्वाइट हॉवर्ड आणि लेब्रॉन जेम्स दोघंही त्याच्यापेक्षा सरस खेळले. लेब्रॉन मायामीला गेला म्हणून मतदारांचा राग होता, त्याचा फायदा याला झाला. मग मायामीविरुद्ध कॉन्फरन्स फायनलमध्ये (अंतिम फेरीच्या आधीची फेरी) काय दिसलं? शेवटच्या क्वार्टरमध्ये लेब्रॉनला त्याच्यावर लावला आणि खेळ खल्लास. मालिकेत शॉट ३५ टक्के, मायामी ४-१. आता 'निवृत्त झालेला प्रत्येक एमव्हीपी हॉल ऑफ फेममध्ये (बास्केटबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत) आहे, मग हाही हवाच' म्हणून घोडं पुढे दामटतायत. तीन वेळा ऑल-स्टार, कारकिर्दीची सरासरी १७.४ गुण. ड्रायव्हर लायसन्स आहे का ते, एकदा काढलं की कायमचं?

(सिमेंटच्या कोर्टवर खेळून माझेही गुडघे वाजतात. मला कोणी ९ कोटी दिले नाहीत.)

आडवा_पास

२०११चा तो संघ एकदा डोळ्यांपुढे आणा. रोझशिवाय स्वतःचा शॉट स्वतः तयार करणारा माणूस नव्हता, त्यात बूझर आणि नोआ दोघंही बरेच सामने जायबंदी. तरी ६२ विजय, लीगमध्ये सर्वाधिक. १२१ पैकी ११३ मतदारांनी त्याला पहिलं मत दिलं. सगळ्यांनाच लेब्रॉनचा राग आला होता का?

आणि 'थांबून काय मिळवलं' याचं उत्तर शिकागोत शोधू नका. न्यूयॉर्क, क्लीव्हलँड, मग युटा. युटानं तर घेतल्या घेतल्या सोडून दिला, एक सामनाही खेळवला नाही. मिनेसोटात किमान पगारावर आला आणि ३१ ऑक्टोबर २०१८ला त्याच युटाविरुद्ध ५० गुण. शेवटचा शॉटही त्यानंच अडवला. सामना संपल्यावर ढसाढसा रडला. २०२१च्या प्लेऑफमध्ये अटलांटाविरुद्ध न्यूयॉर्कतर्फे सर्वाधिक सरासरी त्याचीच, वय ३२. एकूण ७२३ सामने. २०१३ला घाईनं उतरून डावा पुन्हा गेला असता तर यातलं किती उरलं असतं?

खडूस_रेफ्री

मिनेसोटात कोच कोण होता? थिबोडो. न्यूयॉर्कमध्ये? पुन्हा थिबोडो. ज्याच्या चरकात गुडघा गेला म्हणताय, त्याच्याकडे तो स्वतःहून दोनदा परत गेला. ऊस चरकाकडे चालत जात नाही.

नेपरव्हिलकर

हे मात्र बरोबर आहे. स्वतः रोझनं कधी थिबोडोला दोष दिला नाही.

आणखी एक. डिसेंबर २०१८ मध्ये तो मिनेसोटाकडून शिकागोत खेळायला आला, तेव्हा युनायटेड सेंटरमध्ये 'एम-व्ही-पी'चा गजर झाला, आणि पाहुण्या संघाच्या खेळाडूसाठी गळा काढणाऱ्यांत मीही होतो. तेव्हा जर्सीला माझा विरोध नाही. ती आमच्या घरची गोष्ट आहे. हॉल ऑफ फेमचं बाकीच्यांनी बघावं.

पण एका प्रश्नाचं सरळ उत्तर द्या, आडवा_पास. २०१३, मायामीविरुद्ध दुसऱ्या फेरीचा पाचवा सामना. मालिकेत मायामी ३-१ पुढे, सामन्यात ९४-९१ पुढे. शेवटच्या क्षणांत बरोबरीसाठी तीन गुणांचे दोन प्रयत्न, एक रॉबिन्सनचा, एक बटलरचा. दोन्ही हुकले. रोझ पंधरा मिनिटांसाठी जरी उतरला असता, तर?

आडवा_पास

तर मालिका ३-२ झाली असती.

खडूस_रेफ्री

आणि सहावा सामना शिकागोत होता.