प्रतिसाद: जळलं ते छप्पर

"आम्ही पाहिलेलं नोत्र दाम गेलं, आता उभी आहे ती नक्कल" हे वरचं म्हणणं पटलं नाही. १५ एप्रिल २०१९ ला पॅरिसच्या या कॅथेड्रलचं जळालं ते ओकच्या आढ्या-वाशांचं छप्पर. खालून ते कधी दिसतच नसे, मध्ये दगडी कमानींचं छत आहे. त्याला भगदाडं पडली, पण बहुतेक टिकलं. कोसळलेला कळसही १९व्या शतकातला. गोल रंगीत खिडक्या तर जागेवरच वाचल्या.

खरी डोकेदुखी होती कळसाभोवती दुरुस्तीसाठी आगीआधीच बांधलेल्या परांचीची. उष्णतेने तिचे लोखंडी पाइप वाकून एकमेकांत अडकले. ओढावेत तर खालचं छत ढासळायची भीती. म्हणून २०२० मध्ये कामगार दोरांना लटकून एकेक पाइप कापत होते. शिवाय छपरावरच्या जळालेल्या शिशाच्या पत्र्यांची धूळ! तिथल्या ऑर्गनला, म्हणजे नळ्यांच्या भल्यामोठ्या वाद्याला, आग लागलीच नाही, तरी ८,००० च्या आसपास नळ्यांपैकी बहुतेक उतरवून साफ कराव्या लागल्या.