सात किलो म्हणजे नेमके किती? छोटं विमान, हातातली बॅग आणि गेटवरची वसुली

उजळाईवाडीचा_पाहुणा

मंडळी, डोकं अजून तापलेलं आहे, तेव्हा भाषेची चूकभूल द्यावी घ्यावी.

आईबाबा गेल्या आठवड्यात बंगळुरूहून कोल्हापूरला परत गेले. येताना मुंबईमार्गे मोठ्या विमानाने आले होते, जाताना थेट, पंख्याच्या छोट्या एटीआर विमानाने. हातात त्याच दोन बॅगा, ज्यांच्याकडे येताना कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आईच्या खांद्याला पर्स, बाबांकडे औषधांची आणि बीपीच्या मशीनची कापडी पिशवी. काउंटरवर मोठी बॅग दिली, बोर्डिंग पास मिळाले, हातातल्या सामानाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आणि गेटवर, बस लागलेली असताना, काटा घेऊन एक मुलगी उभी. आईची बॅग सात किलो आठशे. वर पर्स ठेवायला लावली, झाले नऊ किलो शंभर. बाबांचीही तीच गत. दोघांचे मिळून सव्वादोन हजार भरले.

आता खरी गंमत. काउंटरवर दिलेली मोठी बॅग भरली होती बारा किलो. पंधराची मुभा होती. म्हणजे तीन किलो तिथे मोकळे पडले होते. काउंटरवरच "काकू, हे पण काट्यावर ठेवा" म्हटलं असतं तर आईने दोन साड्या आणि लाडवांचा डबा तिकडे सरकवला असता आणि एक रुपयाही लागला नसता. गेटवर पोचल्यावर मोठी बॅग गेलेली, बस लागलेली, म्हाताऱ्या माणसांच्या हाताला घाम. अशा वेळी कोण वाद घालणार?

नियमाला माझी हरकत नाही. नियम कुठे उभा राहून लावायचा, याला आहे. तुम्हाला काय वाटतं?

निमूट_प्रवासी

कटू वाटेल, पण तिकिटावर लिहिलेलं असतं. सात किलो, एक नग. आपण ते पान खाली खाली सरकवत थेट "पैसे भरा"पर्यंत जातो. मग गेटवर आश्चर्य.

लग्नाच्या आमंत्रणावर "आहेर आणू नये" लिहिलं तरी नेणारी आपली माणसं. सात म्हटलं की साडेआठ भरणार, वर एक पिशवी "ही काय, खाऊच आहे". माझ्या पुढे एकदा एक गृहस्थ चार पिशव्या घेऊन चढले आणि माझी नियमात बसणारी बॅग तीन रांगा मागे ठेवावी लागली. त्यांच्याकडून पैसे घेतले तर मला आनंदच होईल.

नांदेडची_लेक

निमूट, लिहिलेलं असतं हे मान्य. पण काय लिहिलेलं असतं ते जरा सलग वाचून बघा.

इंडिगोमध्ये सात किलोची एक बॅग आणि वर लॅपटॉपची बॅग किंवा पर्स, तीन किलोपर्यंत. काही कंपन्यांत लॅपटॉप धरूनच सात. एअर इंडिया एक्सप्रेसने २०२४ मध्ये सामान जमा न करणाऱ्यांसाठी स्वस्त तिकीट काढलं, त्यात हातात दहा किलोपर्यंत नेता येत होतं. विमानतळाच्या सुरक्षा विभागाचा नियम याहून निराळा. तो वजन बघतच नाही, नग मोजतो: देशांतर्गत प्रवासात एकच हातातली बॅग, बायकांची पर्स वेगळी. हे परिपत्रक २००० सालचं, २०२२ च्या जानेवारीत पुन्हा बजावलं गेलं.

म्हणजे पर्स सुरक्षावाल्यांच्या लेखी "वेगळी" आणि गेटवरच्या काट्याच्या लेखी "त्यातच". सामान्य माणसाने कुणाचं ऐकायचं? काकूंचं काय चुकलं सांगा. येताना जो नियम होता तोच जाताना असेल असं त्यांनी धरलं. एसटीत चढताना आपण महामंडळाचं परिपत्रक वाचून चढतो का?

शिडीखालचा

अकरा वर्षं लहान विमानतळांवर सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामात काढली आहेत. आता त्यात नाही, तेव्हा मोकळेपणाने लिहितो.

एटीआर ७२ आणि एअरबस यांना एका मापाने तोलू नका. एअरबस ए३२० सत्तर-ऐंशी टनांचं धूड आहे. एटीआर सगळं धरून जास्तीत जास्त तेवीस टनांच्या आसपास उडतं. त्यात ७८ माणसं बसवली आणि प्रत्येकाने "दोनच किलो तर जास्त" म्हटलं, की १५६ किलो झाले. दोन धट्टीकट्टी माणसं, जी कागदावर नाहीत.

शिवाय मे महिन्यात जळगाव-नांदेडला ४३ अंश होतात. तापलेली हवा विरळ, पंखांना आणि इंजिनाला तिची पकड कमी. तेवढ्याच धावपट्टीवरून मग कमी वजन उचलता येतं. कोल्हापूरची धावपट्टी तर पूर्वी १३७० मीटरच होती. अशा दिवशी सामान उतरवून ठेवावं लागतं, आणि ज्याची बॅग राहिली त्याच्या शिव्या आम्हीच खाल्ल्या आहेत.

आणि जागा. वरच्या कप्प्याचं तोंडच लहान. एअरबसमध्ये आरामात जाणारी टणक ट्रॉली एटीआरच्या कप्प्यात आडवी-उभी कशीही घातली तरी झाकण लागत नाही.

उजळाईवाडीचा_पाहुणा

शिडीखालचे साहेब, माहितीबद्दल आभार. पण एक भाबडा प्रश्न. दोन किलो जास्त झाल्याने विमानाला धोका, मग सव्वादोन हजार भरल्यावर तेच दोन किलो हलके कसे झाले? बॅगा शेवटी आईबाबांबरोबर आतच गेल्या! नोटांना काही उद्धरणशक्ती असते काय?

नांदेडची_लेक

आता या प्रश्नाला उत्तर द्या. मी खुर्ची ओढून बसले आहे.

शिडीखालचा

बॅग आतच गेली असेल तर ते चूक, आणि तिथे मी तुमच्या बाजूचा. पद्धत अशी की जादा वजनाची बॅग टॅगची पट्टी लावून शिडीपाशी काढून घ्यायची आणि सामानाच्या खोलीत टाकायची. तिथलं प्रत्येक किलो भारपत्रकावर चढतं, कोणत्या खोलीत किती हेही. एटीआरमध्ये माणसं मागच्या दाराने चढतात, आणि सामानाची एक खोली पुढे, वैमानिकांच्या मागे असते. तोल सांभाळायला ते कामी येतं. विमान रिकामं असताना तुम्हाला जागा बदलून बसायला सांगतात ते उगाच नाही.

केबिनमधलं वजन मात्र कुणी मोजत नाही, ते गृहीत धरतात. माणूस सरासरी इतक्याचा, बॅग इतक्याची. गृहीतक चुकलं की काय होतं ते अमेरिकेत जानेवारी २००३ मध्ये दिसलं. शार्लटला १९ आसनी बीचक्राफ्ट विमान उडता उडता पडलं, दोन वैमानिक धरून आतले सगळे २१ जण गेले. शेपटीकडच्या नियंत्रणाची केबल दोन दिवस आधी चुकीची बसवली होती, हे एक. पण विमान जास्त भरलेलं आणि मागे झुकलेलं होतं, आणि कागदावर सगळं नियमात दिसत होतं, कारण माणसांची सरासरी जुनी होती. त्यानंतर तिथे ती सरासरी वाढवली.

ते विमान एटीआरपेक्षा बरंच लहान, मान्य. पण विमान जितकं लहान तितका किलो मोठा.

निमूट_प्रवासी

शेवटचं वाक्य लिहून भिंतीवर लावा.

डब्लिनची_जाई

इकडून दोन पैसे. तुम्ही सात किलोवरून भांडताय, आमच्याकडे रायनएअरच्या साध्या तिकिटावर वजनाचा प्रश्नच नाही, कारण फुकट मिळते ती बॅग सीटखाली मावेल एवढीच: ४० × ३० × २० सेंटीमीटर. हेसुद्धा २०२५ मध्ये थोडं वाढवलं. मोठी बॅग पकडणाऱ्या कर्मचाऱ्याला दर बॅगेमागे बक्षिसी मिळते, आणि ती दीड युरोवरून अडीच युरो करत असल्याचं त्यांच्या प्रमुखाने चारचौघात सांगितलं. गेटवर लोक तीन-तीन स्वेटर चढवून उभे असतात. भर उन्हाळ्यात.

पण इथे निदान भांडणाला व्यासपीठ आहे. युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्येच म्हटलं होतं, की वाजवी वजनाची आणि आकाराची हातातली बॅग हा प्रवासाचा आवश्यक भाग, तिचे वेगळे पैसे घेता येत नाहीत. आता "वाजवी" म्हणजे किती, यावर दहा वर्षं कीस पाडणं चालू आहे. स्पेनने नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच कंपन्यांना मिळून सुमारे १८ कोटी युरो दंड ठोकला, कंपन्या कोर्टात गेल्या.

मला विचाराल तर भारतातली पद्धत अजून माणसाळलेली आहे. पंधरा किलो जमा आणि सात हातात, बहुतेक तिकिटांत हे येतंच.

निमूट_प्रवासी

जाईताई, तुमच्याच उदाहरणातून माझा मुद्दा सिद्ध होतो. स्वस्त हवं तर बॅगेचे पैसे वेगळे. ज्याची बॅग नाही त्याने दुसऱ्याच्या लाडवांचं भाडं का भरावं? मी पाठीवरची एक सॅक घेऊन फिरतो. आपल्याकडेही २०२१ पासून सामान जमा न करणाऱ्याला कमी भाड्याचं तिकीट द्यायला परवानगी आहे. मला ते न्याय्य वाटतं.

नांदेडची_लेक

तुमची सॅक, तुमचं वय, तुमचा मोबाइल. माझ्या वडिलांना तिकीट शेजारचा मुलगा काढून देतो. कमी भाड्याचं बघून तो काढतो, त्यात सामान नाही हे वडिलांना विमानतळावर कळतं. उडान योजना आली तेव्हा हवाई चप्पल घालणाराही विमानात बसेल असं सांगितलं होतं. २०१७ च्या एप्रिलमध्ये पहिल्या दिवशी ज्या मार्गांना झेंडा दाखवला त्यात आमचं नांदेड-हैदराबाद होतं. चप्पलवाला बसला. आता त्याला सेंटीमीटरची पट्टी घेऊन बसवू नका. त्याच्याशी काउंटरवर नीट बोला, एवढंच मागणं आहे.

खोबऱ्याची_वाटी

थोडं अवांतर, पण कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

गेटवर तुमची बॅग खाली टाकायला घेतली तर आधी पॉवर बँक बाहेर काढा. ती जमा सामानात चालत नाही, हातातच ठेवावी लागते. माझी बॅग शिडीपाशी घेतली, पॉवर बँक तळाशी, वर चकल्या. धावपट्टीशेजारी उकिडवं बसून अख्खी बॅग उपसली, बसमधले सगळे बघत होते. शिवाय औषधं, चष्मा, किल्ल्या, पैसे वेगळ्या छोट्या पिशवीत ठेवा, म्हणजे बॅग गेली तरी पिशवी हातात राहते.

आणि सुकं खोबरं. आपल्या दृष्टीने मसाल्याचं सामान, विमानाच्या नियमांत ज्वालाग्राही माल, कारण तेल असतं आणि ते आपोआप तापू शकतं. शबरीमलाच्या यात्रेकरूंना २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये इरुमुडीतला (डोक्यावरच्या पूजेच्या गाठोड्यातला) नारळ हातातल्या सामानात न्यायला खास मुदतीची सवलत द्यावी लागली होती. आपल्या कांदा-लसूण मसाल्याला कोण सवलत देणार! मी आता खोबरं हैदराबादलाच विकत घेते. चव नाही, पण ब्लडप्रेशर ठीक राहतं.

शिडीखालचा

खोबऱ्याच्या वाटीला अनुमोदन.

पाहुणे, तुमच्या मूळ मुद्द्यावर येतो, तो राहूनच गेला. काउंटरवर हातातली बॅग तोलली पाहिजे, यात दुमत नाही. आमच्या वेळी आम्ही तोलायचो आणि पट्टी लावायचो. आता लोक घरूनच मोबाइलवर बोर्डिंग पास काढतात, जमा करायचं सामान नसेल तर काउंटरकडे फिरकतच नाहीत, म्हणून काटा गेटवर गेला. पण तुमचे आईबाबा काउंटरवर उभे होते. तिथे न बोलता गेटवर पैसे घेणं म्हणजे चाणाक्षपणा झाला, सुरक्षा नाही. पावती असेल तर त्यावर जादा वजन किती लिहिलंय आणि बॅगेला पट्टी लावली होती का, हे बघा आणि लेखी तक्रार करा. मात्र गेटवरच्या मुलीवर राग काढू नका. श्रीनगरला जुलै २०२५ मध्ये सात किलोच्या जागी सोळा किलो नेण्यावरून गेटवरच्या कर्मचाऱ्यांना झालेली मारहाण सगळ्यांनी पाहिली आहे. एकाच्या मणक्याला मार बसला.

उजळाईवाडीचा_पाहुणा

पावती सापडली. त्यावर रक्कम आहे, वजन नाही. पट्टी लावली नव्हती. तक्रार आज टाकतो, काय उत्तर येतं ते इथेच लिहीन.

निमूट, तुमचंही थोडं पटलं. आईला विचारलं, लाडवांचा डबा हातात का ठेवला होतास? म्हणाली, "खाली टाकला तर फुटतील." तिला पुन्हा तेच करायचं आहे, फक्त आता घरी काटा आणून द्यायचा आहे. अडकवून उचलायचा येतो तो.

सोलापूरकर_नवा

धागा वाचला, फार उपयोगी. पुढच्या महिन्यात सोलापूर-गोवा, एटीआरच आहे. माझी ट्रॉली दुकानदाराने ५५ सेंटीमीटर सांगून दिली. चालेल ना?

शिडीखालचा

चाकं आणि वरची मूठ धरून मोजा. दुकानदार ती धरत नाही, गेटवरचा बॅग मापायचा सांगाडा धरतो.

सोलापूरकर_नवा

मोजली. ५९.