पहिला युनिफॉर्म, पहिली फ्लाइट: केबिन क्रू झालेल्यांनी (आणि त्यांच्या घरच्यांनीही) लिहा

वर्धारोडची
काल भावाला सोडायला नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर गेले होते. गेटसमोर एक मुलगी उभी होती. कोरी ट्रॉली बॅग, घट्ट अंबाडा. तिचे बाबा सीआयएसएफच्या जवानाला विनवत होते, "आत येऊ द्या ना हो, पहिलीच ड्यूटी आहे तिची." जवान हसला, पण सोडलं नाही. गाडीत येऊन बसले आणि माझं सगळं आठवलं, म्हणून लिहिते आहे.

इंटरव्ह्यूला भिंतीवर एक खूण होती. टाचा उचलून हात तिथवर पोचला पाहिजे. मला वाटलं, उंच दिसणारी मुलगी हवी असेल. ट्रेनिंगला गेल्यावर कळलं, डोक्यावरच्या कप्प्यांतही आणीबाणीचं सामान असतं, ते स्वतःच्या हाताने काढता आलं पाहिजे. सुरुवातीला ट्रे-ट्रॉलीचं नावच नाही. आग, धूर, पाण्यात उतरणं, दार उघडणं, घसरगुंडी फुगवणं, हेच. भरलेलं विमान ९० सेकंदांत रिकामं होतं हे विमान बनवणाऱ्या कंपनीला दाखवून द्यावं लागतं, तेही निम्मीच दारं वापरून. प्रत्यक्ष वेळ आली तर ते काम क्रूच्या आवाजावर चालतं. म्हणून ओरडायला शिकवतात. "बेल्ट काढा! सामान सोडा! इकडे या!" नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात "पोरीच्या जातीने हळू बोलावं" ऐकत वाढलेली मी, पहिल्या दिवशी तोंडातून आवाजच फुटेना. मॅडम म्हणाल्या, "मागच्या रांगेतल्या आजोबांना ऐकू गेलं पाहिजे." माझे आजोबा डोळ्यांसमोर आले, त्यांना कमी ऐकू येतं. मग असा आवाज लागला की बाजूच्या वर्गातले बघायला आले.

तुमचं सांगा.

गॅलीतली
बाप्पा, ते ओरडणं! आईने फोनवर विचारलं, सर्दी झाली का गं? म्हटलं नाही गं, दिवसभर "ब्रेस, ब्रेस" (म्हणजे धक्क्यासाठी सावरून बसा) करून राहिली. ती म्हणे हळद-दूध घे 😄 डाळीला फोडणी देऊन येते, मग लिहिते.

मानेवाडा_आई
माझी लेक यंदा बारावी झाली, तिलाही हेच करायचं आहे. नणंद म्हणून राहिली, एवढे मार्क आणि पोरीला चहा वाटायला पाठवता? तुमचं लिहिलेलं तिला आत्ताच पाठवलं. पोहता येणं लागतं का हो? पोरीला पाण्याची भीती वाटते.

गॅलीतली
आले. ताई, आमच्याकडे पाण्यातली ड्रिल होती. लाइफ जॅकेट घालून तराफ्यावर चढायचं आणि दुसऱ्यालाही ओढून घ्यायचं. आत्तापासून पाण्यात उतरू द्या तिला, भीती निघते. आणि नणंदबाईंना सांगा, दर ५० सीटमागे एक क्रू असलाच पाहिजे असा नियमच आहे. १८० सीटच्या विमानात चौघं असतात. चहासाठी कोणी असा नियम करत नाही.

सुरुवातीला आपण त्या चौघांत धरले जात नाही, जादाचे म्हणून जातो आणि बघून शिकतो. माझ्या सीनियरने सांगितलं होतं, टेकऑफला जंपसीटवर, म्हणजे क्रूच्या घडीच्या सीटवर, बसलीस की तळहात वर करून मांडीखाली घे आणि मनात उजळणी कर: माझं दार कुठलं, ते कसं उघडतं, बाहेर आग दिसली तर काय, मदतीला कोणाला बोलवू. प्रवाशांना वाटतं पोरगी शांत बसली आहे. अजूनही प्रत्येक टेकऑफ आणि लँडिंगला मी हे करते.

इतवारीचा_मुलगा
मुलगेही असतात बरं क्रूमध्ये! आमचं कापडाचं दुकान. बाबा वर्षभर नीट बोलले नाहीत. मग एकदा माझ्याच फ्लाइटने मुंबईहून आले आणि सीट नेमकी पंखावरच्या एक्झिटची. नियमाने मला त्यांना समजावावं लागलं: हँडल केव्हा ओढायचं, खिडकी कशी बाहेर टाकायची. बाबांनी चष्मा लावून कार्ड दोन्हीकडून वाचलं आणि विचारलं, "वजन किती?" म्हटलं, साधारण १५ किलो. "मग होते मायाकडून. तू तुयं दार पाय." मे महिन्यातली दुपार होती. बुटीबोरीच्या पुढे तापलेल्या हवेत विमान असं हललं की बायका देवाचं नाव घेत होत्या, आणि बाबा हँडलकडे बघत ताठ बसलेले. घरी गेल्यावर आईला म्हणाले, पोट्टा जबाबदारीचं काम करून राहिला.

वर्धारोडची
दादा, रडवलंत. "तू तुयं दार पाय" 🙏

डाकवाल्याची_नात
थोडं वेगळं लिहिते. माझे आजोबा डाक खात्यात होते. १९४९ मध्ये रात्रीची हवाई डाक सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, चारही बाजूंनी विमानं मध्यरात्री आपल्या सोनेगावला यायची, थैल्या बदलायच्या आणि पहाटेआधी परत. आजोबा ड्यूटीवरून येताना उजाडायचं. मी क्रूची नोकरी धरली तेव्हा घरात फक्त तेच म्हणाले, "रात्रीचं काम आहे, डबा बरोबर ठेवत जा."

धरमपेठची_मावशी
पोरींनो, हेही ठाऊक असू द्या. पूर्वी एअर इंडियात पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर एअर होस्टेसची नोकरी जायची, आणि पहिल्यांदा दिवस गेले तरी जायची. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सोबतिणी कोर्टात गेल्या. १९८१ मध्ये सुप्रीम कोर्टाने गरोदरपणाची अट मोडीत काढली. लग्नाची अट मात्र तेव्हा कायम ठेवली. आज दोन लेकरांच्या आया उडतात, त्यामागे या बाया आहेत.

सक्करदरा_भाऊ
मानेवाडा ताई, एक विनंती. "एअर होस्टेस कोर्स" म्हणून मोठी फी मागतात, तिथे घाई करू नका. माझ्या बहिणीचे पैसे असेच गेले, नोकरीची हमी तोंडीच होती. बारावी पास, वयाची अट आणि उंची बसली की थेट एअरलाइनच्या भरतीला जाता येतं. सेफ्टीचं खरं ट्रेनिंग निवड झाल्यावर एअरलाइनच देते. तोवर इंग्रजी आणि हिंदी मोठ्याने वाचायची सवय लावा.

मानेवाडा_आई
भाऊ, बरं झालं सांगितलं, उद्याच एका ठिकाणी ॲडव्हान्स भरणार होतो. मोठ्याने वाचायला आजपासून बसवते. पोहण्याचा मुलींसाठी वेगळा बॅच कुठे आहे का? शिकवणारी बाईच हवी.

गॅलीतली
अंबाझरी रोडच्या पूलला विचारा ताई, सकाळी जा. मीही या रविवारी घरी आहे, हवं तर तिच्यासोबत पाण्यात उतरते.