विनिपेगला जेट्स परवडत नाहीत म्हणे!

प्रेअरीकर
आमच्या जेट्स या आइस हॉकी टीमबद्दल काल कुणीतरी लिहिलं, "विनिपेग जेमतेम साडेआठ लाखांचं शहर. एनएचएल ही आइस हॉकीची मोठी लीग त्यांच्या आवाक्यातली नाही, टीम उचला आणि टोरांटोजवळ आणा." वाचून डोकं फिरलं. 1996 मध्ये हेच ऐकवत आमची आधीची जेट्स टीम अमेरिकेत फिनिक्सला नेली. पुढे काय झालं? 2009 मध्ये दिवाळखोरी, मग लीगनेच चालवायला घेतली, शेवटी पाच हजार खुर्च्यांच्या कॉलेजच्या रिंकमध्ये दिवस काढले आणि 2024 मध्ये सगळे खेळाडू युटाला. फिनिक्स आमच्या कितीतरी पट मोठं आहे!

मिसिसागाकर
ते मीच लिहिलं आणि त्यावर ठाम आहे. सीझन तिकिटं तेरा हजारांवरून साडेनऊ हजारांवर आली. असंच राहिलं तर फार काळ चालणार नाही, हे खुद्द जेट्सचे मालक चिपमन 2024 मध्ये म्हणाले. गल्ला कॅनेडियन डॉलरचा, पगार अमेरिकन डॉलरचे. 2025-26 ची कॅप, म्हणजे टीमच्या एकूण पगारांवरची मर्यादा, 9.55 कोटी अमेरिकन डॉलर, म्हणजे इथले तेरा कोटींच्या वर. रिंक पंधरा हजारांची, कंपन्या मोजक्या. भागवणार कसं?

थंडोबा
तिकिटं का सुटली ते आमच्याकडून ऐका. चार घरांत मिळून दोन सीट होत्या. सप्टेंबरात आमच्या डायनिंग टेबलवर वेळापत्रक पसरायचं, चिठ्ठ्या टाकायच्या. टोरांटो, माँट्रियलविरुद्धच्या सामन्यांवरून भांडणं, मंगळवारचा कोलंबस कुणालाच नको. कोविडनंतर एक घर कॅल्गरीला गेलं, दुसऱ्याचा गृहकर्जाचा हप्ता वाढला. उरलेल्या दोघांनी 41 सामने कसे पेलायचे? वर रीसेलला, म्हणजे तिकिटांच्या फेरविक्रीत, आमच्याच रांगेतली सीट आम्ही भरलेल्या भावापेक्षा स्वस्त! वर्षभराचे पैसे आधी भरणारा मूर्ख ठरतो, त्याचं काय?

पीचट्री
2011 मध्ये तुम्हाला परत मिळालेली टीम मुळात आमची, अटलांटाची थ्रॅशर्स होती. ती 17 कोटी डॉलरना गेली, त्यातले 6 कोटी नुसती लीगची स्थलांतर फी. अटलांटात माणसं कमी होती का, पैसा कमी होता का? मालक वर्षानुवर्षं एकमेकांविरुद्ध कोर्टात भांडत बसले, टीमकडे बघायला कुणी नव्हतं. माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची, जर्सी घालून झोपायची. आणि हे दुसऱ्यांदा, 1980 मध्ये आमची आधीची टीम फ्लेम्स कॅल्गरीला नेलीच होती.

प्रेअरीकर
आम्ही चोरली नाही, विकायला काढलेली घेतली. 1995 मध्ये इथल्या पोरांनी टीम वाचवायला खाऊच्या पैशांचे गल्ले फोडले होते, तरी गेली. रडणं आम्हाला शिकवू नका.

पीचट्री
स्वतः भोगलंय तरी दुसऱ्याच्या पोरीबद्दल असं बोलवतं? कमाल आहे.

मिसिसागाकर
दोघांचं रडगाणं बाजूला ठेवा.

थंडोबा
का ठेवायचं? तिकीट घेणारी हीच माणसं.

हिशेबनीस
मिसिसागाकर, कॅप ही कमाल मर्यादा, तेवढा खर्च करायची सक्ती नाही. महसूल वाटणीतही छोट्या शहरांना हात मिळतो. शिवाय प्लेऑफच्या, म्हणजे नियमित सामन्यांनंतरच्या बाद फेऱ्यांच्या काळात खेळाडूंचे पगार थांबलेले असतात, म्हणून घरचा प्रत्येक जादा सामना मोलाचा. 2025 मध्ये सेंट लुईसविरुद्धचा सातवा सामना हरलो असतो तर डलासविरुद्धचे घरचे सामने मिळालेच नसते.

मिसिसागाकर
म्हणजे दरवर्षी प्लेऑफची दुसरी फेरी गाठायची, हा तुमचा धंदा?

हिशेबनीस
नाही. भरवसा सीझन तिकिटांचाच, ते तुमचं बरोबर. पण उपाय टीम हलवणं नाही. थंडोबांसारख्यांना दहा-बारा सामन्यांचं पॅकेज आधीच द्यायला हवं होतं, बांधील गिऱ्हाइकाचा भाव रीसेलच्या खाली ठेवायला हवा होता.

मिसिसागाकर
बरं, फिनिक्सचा मुद्दा मान्य, मोठं शहर म्हणजे हमी नाही. पण तेरा हजार परत दिसेपर्यंत मी माझं वाक्य मागे घेत नाही.