क्रोन्ससाठी जीन टेस्ट, आणि हिस्पॅनिक लोकांचा रिसर्च आपल्या काय कामाचा?

त्रिमूर्तीनगरकर: राजेहो, एक विचारायचं होतं. धाकट्या भावाला आधी आतड्याचा टीबी म्हणून एकेटीचा (टीबीच्या गोळ्यांचा) पूर्ण कोर्स दिला, फरक पडला नाही, मग परत स्कोपी-बायोप्सी केली तर क्रोन्स (आतड्याला सूज आणणारा जुनाट आजार) निघाला. आता डॉक्टर म्हणून राहिले की अ‍ॅझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) सुरू करायच्या आधी एनयूडीटी१५ नावाची जीन टेस्ट करा. अमेरिकेतल्या मावसबहिणीने हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) लोकांच्या आयबीडीवरचा, म्हणजे क्रोन्ससारख्या आतड्याच्या सुजेच्या आजारांवरचा जेनेटिक रिसर्च पाठवला, सगळं डोक्यावरून गेलं. मेक्सिकन माणसाच्या जीनचा नि आमच्या पोराचा काय संबंध? आणि ते थुंकीचं डीएनए किट मागवून घरच्या सगळ्यांची रिस्क बघावी का?

लॅबवाला_सीताबर्डी: संबंध आहे भाऊ, नेमका याच टेस्टपुरता. क्रोन्सचा पहिला मोठा जीन, नॉड२, २००१ मध्ये सापडला तो युरोपियन वंशाच्या पेशंटमध्ये, आणि त्याचे जे तीन नेहमीचे बदल आहेत ते आपल्याकडच्या क्रोन्सवाल्यांत जवळपास दिसतच नाहीत. म्हणून किटवाल्याने नॉड२ बघून 'रिस्क कमी' लिहून दिलं तर त्यावर विसंबू नका, पैसे वाचवा. हिस्पॅनिक लोकांतही युरोपियन, आफ्रिकन आणि मूळ अमेरिकन असे तिन्ही वंश मिसळलेले, पोर्तो रिकोवाल्याचं मिश्रण वेगळं नि मेक्सिकोवाल्याचं वेगळं, त्यामुळे गोऱ्यांचा डेटा त्यांनाही जशाचा तसा लागू होत नाही. आता एनयूडीटी१५. क्रोन्सच्या पेशंटना अ‍ॅझाथायोप्रिनने रक्तातल्या पांढऱ्या पेशी धाडकन का पडतात याचं उत्तर २०१४ मध्ये कोरियात या जीनमधल्या एका बदलात सापडलं. पुढे ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) मुलांमध्ये त्याच जातीचं औषध देताना दिसलं की हा बदल पूर्व आशियाई आणि हिस्पॅनिक मुलांत बराच आहे, युरोपियनांत क्वचित. आपल्याकडे दर दहातल्या साधारण एकाजवळ असतो. टेस्ट आजार आहे की नाही हे सांगत नाही, गोळी किती झेपेल तेवढं सांगते. जीनच्या दोन कॉपी असतात; एक बदललेली असली तर डोस कमी, दोन्ही असल्या तर बहुतेक दुसरंच औषध.

तर्रीबाज: म्हणजे सावजीमुळे झालं नाही ना? आमच्या घरी तेच म्हणून राहिले 😅

महाल_वाली: मला ही गोळी टेस्ट न करताच दिली होती, काही आठवड्यात विंचरताना कंगव्यात केसांचे पुंजकेच्या पुंजके यायला लागले, मला वाटलं पाणी बदललं म्हणून, मग ताप आला नि सीबीसीत (रक्तपेशींच्या तपासणीत) पांढऱ्या पेशी एकदम खाली. गोळी बंद केली, नंतर टेस्ट केली तर एक कॉपी बदललेली निघाली. आता कमी डोसवर बरी आहे. भावाला सांगा, केस जायला लागले की शाम्पू बदलत बसू नको, आधी सीबीसी कर.

लॅबवाला_सीताबर्डी: ताईंचं बरोबर आहे. आणि रिपोर्ट नॉर्मल आला तरी सीबीसी सुटत नाही, सुरुवातीला दर एक-दोन आठवड्यांनी, पुढे डॉक्टर सांगतील तसं.

त्रिमूर्तीनगरकर: उपाशीपोटी द्यावं लागते का रक्त?

लॅबवाला_सीताबर्डी: नाही, पोहे खाऊन या.