उत्तर: स्क्रॅचवर प्रोजेक्ट सेव्ह होत नाही

स्क्रॅच म्हणजे ब्लॉक जोडून प्रोग्राम बनवायची साइट. तिथं प्रोजेक्ट सेव्ह होत नाही या प्रश्नावर आधी कुणीतरी म्हटलंय की फोटो लहान करा, सेव्ह होईल. दरवेळी नाही होत. स्क्रॅचमध्ये चित्रं आणि आवाज वेगवेगळ्या फायली म्हणून साठतात, त्यांना प्रत्येकी 10 एमबीची मर्यादा. पण ब्लॉक, व्हेरिएबल (एक किंमत ठेवायची जागा) आणि लिस्ट (नोंदींची यादी) यांतला सगळा मजकूर एकाच प्रोजेक्ट.जेसन फायलीत जातो आणि तिला 5 एमबीच (साधारण 50 लाख बाइट) मिळतात. लिस्टच फुगली असेल तर फोटो कितीही लहान करा, काडीचा फरक पडणार नाही.

आमच्या सोलापुरात एका पोरानं चादरीची नक्षी स्क्रॅचवर उतरवायला घेतली होती. एकेका टिंबाच्या रंगाचा कोड '#8b0000' असा लिस्टमध्ये. एका लिस्टमध्ये 2,00,000 च्या वर नोंदी मावत नाहीत, म्हणून पठ्ठ्यानं तीन लिस्ट काठोकाठ भरल्या. अवतरणचिन्हं आणि स्वल्पविराम धरून नोंदीला 10 बाइट, म्हणजे झाले 60 लाख. सेव्ह कुठून होणार! रंग मोजून सहा. मग प्रत्येक रंगाला एक आकडा दिला आणि अख्खी ओळ '1122361...' अशी एकाच नोंदीत लिहिली. वाचताना त्यातलं हवं ते अक्षर काढणारा ब्लॉक आहेच. टिंबाला एक बाइट, सगळं मिळून साधारण 6 लाखांत बसलं. खरं तर तेवढंही लागत नाही. जेकार्ड मागावर (नक्षी विणायच्या मागावर) भोकं पाडलेल्या पत्त्यांची एकच माळ फिरून फिरून तीच नक्षी उठवते, तसा इथेही एकच तुकडा साठवून लूपमध्ये फिरवायचा.

आणि प्रोग्राम चालताना आपोआप भरणाऱ्या लिस्ट असतील तर सेव्ह करण्याआधी रिकाम्या करा.